रा. रा. शेवट यांस

रा. रा. शेवट,
मुक्काम : चांगल्या सिनेमांची शेवटची पाच मिनिटं.

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या घरातल्या माणसांच्या झोपेचा, जेवणाचा आणि तिकिटांच्या पैशांचा जो सत्यानाश तुम्ही वर्षानुवर्षं चालवला आहे, त्याबद्दल आजवर कुणी तुम्हाला जाब विचारलेला नाही. लोक दिग्दर्शकाला बोल लावतात, लेखकाला लावतात, फारच राग आला तर सेन्सॉरला लावतात. तुम्ही मात्र नामानिराळे. उलट समीक्षक मंडळी तुमची पाठ थोपटतात. ‘शेवट अंगावर येतो’ असं लिहितात. अहो, अंगावर तर गल्लीतलं कुत्रंही येतं. त्याला कुणी चार तारे देत नाही.

मुख्य तक्रार २०१६ सालची आहे. २९ एप्रिलला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरातले नऊ जण तो बघायला गेलो. नऊ जणांत आमची आत्या होती. तिची अट एकच असते. “रडका असेल तर मी येत नाही. रडायला घर आहे.” मी छातीठोकपणे सांगितलं की प्रेमाचा सिनेमा आहे, गाणी तर तू रोज लग्नाच्या वरातीत ऐकतेसच. ती आली. सिनेमाची नायिका आर्ची बुलेटवरून आली, ट्रॅक्टर हाकत आली, तेव्हा आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “पोरगी खमकी आहे. हिचं काही वाईट व्हायचं नाही.” ‘झिंगाट’ गाणं सुरू झालं तशी पुढच्या रांगांमधली पोरं उठून थेट पडद्यासमोर नाचायला लागली, आणि सांधेदुखीमुळे खुर्चीतून उठताना दोन माणसं लागणारी माझी आत्या बसल्या जागी टाळ्यांचा ठेका धरून होती.

तुम्ही तेव्हा थिएटरातच होतात ना? आता कबूल करून टाका. मी नंतर दुसऱ्यांदा सिनेमा बघितला तेव्हा तुम्हाला ओळखलं. पूर्वार्धातच तुम्ही आर्चीच्या भावाच्या, म्हणजे प्रिन्सच्या, रूपात कॉलेजच्या वर्गात येऊन सरांच्या थोबाडीत ठेवून दिली होतीत. आम्ही तो प्रसंग बघितला, चुकचुकलो आणि पुढच्या गाण्याची वाट बघत बसलो. म्हणजे तुम्ही फसवलंत असंही म्हणायची सोय नाही. रीतसर ओळखपत्र दाखवून आत बसला होतात. डुलत होतो ते आम्हीच.

मग आर्ची आणि तिचा नायक, दोघं पोरं पळाली, हैदराबादला गेली, उपाशी राहिली, भांडली, पुन्हा एक झाली. आत्याने पदराखालून चिवड्याची पुडी काढली. हा आमच्या घरातला खात्रीचा संकेत आहे की आता सगळं मार्गी लागलंय. कामधंदा लागला होता, पोरगं झालं होतं. आर्चीने आईला फोन केला होता. एवढंच. लेकीने आईला फोन केला, यात गुन्हा काय? आणि तेवढ्या पत्त्यावर तुम्ही पुन्हा भावाच्या रूपात आलात. हातात भेटवस्तू. दारात ती रांगोळी काढत होती. तिने तुम्हाला आत घेतलं, चहा ठेवला.

शेवटराव, मला एक सांगा. ज्या घरचा चहा घ्यायचा त्या घरी पुढे कसं वागायचं, याची महाराष्ट्रात काही रीत आहे की नाही?

बरं, जे काही केलंत ते दाखवलंही नाहीत. तेवढ्यात पोराला शेजारणीसोबत बाहेर धाडलंत आणि मग परत आणलंत. ते दुडूदुडू आत गेलं, बघितलं आणि बाहेर आलं. फरशीवर त्याची लाल पावलं. आणि आवाज बंद! इथे माझा खरा आक्षेप आहे. अजय-अतुल यांनी या सिनेमाचं संगीत थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या स्टुडिओत, अख्खा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रित केलं. एवढी व्हायोलिनं गाठीशी असताना, जिथे माणसाला एका व्हायोलिनची नितांत गरज होती, तिथे तुम्ही कळ दाबलीत. एक सूर वाजला असता तरी आम्ही रडलो असतो. रडलो असतो म्हणजे सुटलो असतो. तुम्ही रडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत.

याबाबतीत तुमचा तो दुसरा भाऊ परवडला, ‘माहेरची साडी’वाला. १९९१ साली आमच्या गल्लीतल्या बायका तो बघायला जाताना रुमाल मोजून नेत. कुठे रडायचं हे ठरलेलं, किती रडायचं हेही ठरलेलं. तो पहिल्या रिळापासून ढोल बडवत येतो, सांगून रडवतो आणि रडवून झालं की मोकळं करतो. बायका बाहेर पडून भेळ खात. डोळे सुजलेले, चेहरे हसरे. दुःखाचा इतका सचोटीचा व्यापार मी दुसरा पाहिला नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही थिएटरात काहीच वसूल करत नाही. तुम्ही घरी येता. तिसऱ्या दिवशी रात्री दुधाचं पातेलं विसळताना माणूस मधेच थांबतो आणि त्याला लाल पावलं दिसतात. ही वसुलीची पद्धत सावकारांनासुद्धा सुचली नव्हती.

त्या रात्री थिएटरबाहेर कुणी कुणाशी बोललं नाही. मघाशी पडद्यासमोर नाचलेली पोरं पार्किंगमध्ये खिसे चाचपत गाडीच्या किल्ल्या शोधत होती. रिक्षात आत्या गप्प होती. घर आल्यावर पैसे देताना तिने एकदम विचारलं, “त्या पोराला शेजारणीने ठेवून घेतलं असेल ना रे?”

मी काय सांगणार होतो?

तुमचा पूर्वेतिहास तपासला तर हे अचानक झालेलं नाही, हेही दिसतं. त्याच नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त तुम्ही दगड मारला होतात. तो सिनेमा तरी कुठल्या दिवशी प्रदर्शित झाला? १४ फेब्रुवारी २०१४. माझा भाचा तेव्हा एका मुलीला घेऊन, शाळकरी प्रेमाची गोड गोष्ट म्हणून, तो बघायला गेला. त्यातला शाळकरी जब्या त्याच्या आवडत्या शालूसाठी काळ्या चिमणीच्या मागे फिरतो इथवर त्याचा अंदाज बरोबर होता. पुढे सगळ्या गावासमोर, शालूच्या डोळ्यांदेखत, जब्याच्या घरच्यांना डुक्कर पकडावं लागतं. ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. पकडलेलं डुक्कर बांबूला टांगून नेताना मागच्या भिंतीवर फुले आणि आंबेडकरांची चित्रं. आणि शेवटी जब्या जो दगड भिरकावतो तो गावातल्या टिंगल करणाऱ्या टवाळाला लागतो की नाही, हे आपल्याला कळत नाही, कारण तो पडद्यातून थेट आपल्याकडे येतो. भाच्याने तिकिटाचे पैसे स्वतः भरले होते. पैसे भरून दगड खाल्ला. (त्या मुलीशी त्याचं पुढे लग्न झालं. तेवढं एक सत्कृत्य तुमच्या नावावर जमा.)

दर वेळी तुम्ही हत्यार घेऊनच येता असं नाही, हेही मान्य करतो. ‘श्वास’मध्ये तर तुम्ही देवमाणूस होऊन आलात. पोराच्या डोळ्यांत कॅन्सर. डोळे काढले तर जीव वाचेल. कोकणातून आलेल्या आजोबांनी ऑपरेशनच्या आधी नातवाला इस्पितळातून बाहेर काढलं आणि डोळे आहेत तोवर शहर दाखवून आणलं. पुढे ऑपरेशन झालं, पोरगा वाचला, काळा चष्मा लावून होडीतून गावी परतला. कागदावर बघितलं तर हा सुखान्त आहे! वकील लावला तरी तुमच्यावर कलम लागणार नाही. पण काठावरची माणसं त्याला बघताहेत आणि तो त्यांना बघू शकत नाही, एवढी फट तुम्ही ठेवलीत, आणि त्या फटीतून आम्ही सगळे आत पडलो. अरुण नलावडे यांचा तो आजोबा आठवला की मला आजही घशात काहीतरी अडकतं. २००४ साली या सिनेमाला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सन्मान मिळाला आणि भारतातर्फे तो ऑस्करलाही गेला. प्रचाराचा खर्च मोठा, म्हणून लोकांनी वर्गणी काढली. आपलं दुःख परदेशी पाठवायला वर्गणी काढणारे आम्हीच. त्याआधी मराठीला असा पहिल्या नंबरचा मान मिळाला होता तो आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला, १९५४ साली. मधे पन्नास वर्षं गेली. पहिल्यात आई गेली, दुसऱ्यात डोळे गेले. दिल्लीचा दर ठरलेला दिसतो.

‘पिंजरा’तल्या मास्तरांना तर तुम्ही त्यांच्या स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर चढवलंत. त्यावर मी काही बोलत नाही. तिथे तुमची विनोदबुद्धी माझ्यापेक्षा वरचढ आहे. आणि ‘कोर्ट’च्या शेवटी न्यायाधीश सुट्टीवर जाऊन बाकावर डुलकी घेतात, पोरं गलका करून झोप मोडतात, ते एकाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. संपलं. कुणी मरत नाही. मी मात्र त्यानंतर आठवडाभर सरकारी कचेरीत कुणी जांभई दिली तरी दचकत होतो.

तुम्हाला हाकलून देण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पहिला मान विदर्भाच्या भवभूतीचा. करुण हाच एक रस, बाकीचे त्याचीच रूपं, असं ज्याच्या नाटकातलं पात्र ठणकावून सांगतं, त्याने ‘उत्तररामचरित’ लिहिताना काय केलं? वाल्मीकींची सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीने तिला रामाच्या शेजारी आणून उभं केलं आणि तुम्हाला विंगेतच बसवून ठेवलं. नाटकभर माणसांना रडवा, अगदी दगडांनाही रडवा, पण घरी पाठवताना हसतं पाठवा, ही तेव्हाची शिस्त. पुढे हिंदीवाल्यांनी २०१८ साली ‘सैराट’चा ‘धडक’ केला, तेव्हा तुम्हाला उदयपूरच्या रंगीत वातावरणात नेऊन जरा माणसाळवायचा प्रयत्न केला. तिथे तुम्ही नायिकेला सोडलंत आणि बाळाला घेतलंत. ही तडजोड होती की काय मला कळलं नाही. पण तो सिनेमा बघून आल्यावर मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, यावरून तुमचा नेम चुकला हे नक्की.

आता तुम्ही म्हणाल, एवढा छळ होतो तर येता कशाला? तिकीट तुम्हीच काढता. खरं आहे, मी ‘सैराट’ तीनदा बघितला आहे. दुसऱ्या वेळी तुम्हाला ओळखायला गेलो होतो आणि तिसऱ्या वेळी, आता खरं सांगतो, या वेळी तरी आत घेण्याआधी आर्ची कशाला आलात ते विचारेल, म्हणून गेलो होतो. तिने विचारलं नाही. ती तशीच हसून आत घेऊन गेली.

आत्याचं मात्र वेगळं आहे. टीव्हीवर ‘सैराट’ लागला की ती पहिल्यापासून बसते. विहिरीची गंमत, बुलेट, गाणी, हैदराबाद, भांडण, सगळं बघते. दारातली रांगोळी दिसली की रिमोट उचलते आणि टीव्ही बंद करते. मग सावकाश स्वयंपाकघरात जाऊन स्वतःपुरता चहा टाकते. मागे कुणीतरी तिला म्हणालं, अगं शेवट राहिला की. तर म्हणाली, “राहू दे. पोरं सुखात आहेत.” तिच्या हिशेबाने ते पोरगं आता शाळेत जातं, मराठीपेक्षा तेलुगू बरी बोलतं आणि आईसारखं हट्टी आहे.

तुम्हाला विनंती एवढीच की आमच्या आत्याकडे चहाला जाऊ नका.

आपला,
एक तिकीटधारक
(रांग मधली, खुर्ची कडेची, लवकर बाहेर पडता यावं म्हणून)