खोपटचा खर्ज

खोपटच्या एसटी डेपोजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी पन्नाशीच्या तोंडावर बास गिटार घेतली. या वयात माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात. फार तर हार्मोनियम, तीही ‘आजोबा वाजवायचे’ या सबबीवर. बास गिटार वाजवणारे आजोबा कुणाच्याच घराण्यात सापडेनात. त्यातून गृहस्थांना शिकायचं होतं ‘स्का’. सासूबाईंनी दोनदा ‘काय?’ असं विचारलं आणि मग नुसतं ‘बरं’ म्हटलं. जावयाबद्दलचं सगळं साठलेलं मत त्या ‘बरं’मध्ये होतं.

स्का जमैकाचं. 1950च्या दशकात किंग्स्टनच्या रस्त्यांवर मोठमोठे स्पीकर लावून नाचगाणी चालत, आणि तिथे वाजणाऱ्या तबकड्या अमेरिकेतून येत. पुढे अमेरिकेची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि नाचायला हवा तसला नवा माल मिळेनासा झाला. तेव्हा कॉक्सन डॉड, ड्यूक रीड यांच्यासारख्या स्पीकरवाल्यांनी स्थानिक वादकांना स्टुडिओत बसवून आपल्याच तबकड्या काढायला सुरुवात केली. त्यातून स्का घडलं. 1962मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा हेच संगीत जोरात होतं. यात गिटारवाला प्रत्येक मात्रेवर गप्प राहतो आणि दोन मात्रांच्या मधल्या फटीत ‘च्यँक’ करतो. मात्रा सांभाळायची बासवाल्याने, ठोक्याला एक स्वर, न थांबता.

आता ते स्वर. गृहस्थांनी वहीत सरळ सरगम लिहिली : सा ग प ध. ए तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर ‘सा’ धरला की ‘ग’ पुढच्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, ‘प’ त्याच तारेच्या पाचव्यावर आणि ‘ध’ त्याच्या पुढच्या तारेच्या दुसऱ्यावर. सगळा संसार चार फ्रेटमध्ये. गाणं मध्यमावर गेलं की हीच आकृती पाच फ्रेट वर सरकवायची, पंचमावर गेलं की आणखी दोन. एवढ्या भांडवलावर कित्येक गाणी निभावतात. गृहस्थ हरखले. मग मूळ तबकडी लावून सोबत वाजवायला बसले आणि कळलं, की चार स्वर पाठ होतात संध्याकाळी चहा होईपर्यंत. ते तीन मिनिटं, त्या वेगात, एकदाही न घाई करता वाजवताना मात्र मनगट आणि स्वभाव दोन्ही उघडे पडतात. एसटी चालवतो ड्रायव्हर आणि प्रवासी हुज्जत घालतात कंडक्टरशी; बासवाल्याचं स्थान तसं ड्रायव्हरचं. त्याची आठवण लोकांना ब्रेक लागल्यावरच येते.

घरच्यांना मात्र आठवण सतत होती. बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा थरथरते आणि इतका खालचा आवाज भिंतींना जुमानत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं पंचमाला साथ देऊ लागली. खालच्या काकू वर आल्या. तक्रार करायला नव्हे. पंप बिघडलाय का, ते विचारायला.

शेजारच्या काकांचा आक्षेप जास्त तात्त्विक होता. गृहस्थ वाजवत ती गाणी निघत दुसऱ्याचीच. मिली स्मॉलचं 1964चं ‘माय बॉय लॉलीपॉप’ त्याआधी 1956मध्ये बार्बी गे या अमेरिकन मुलीने गायलं होतं. ‘वन स्टेप बियाँड’ प्रिन्स बस्टरचं. 1979मध्ये ते लंडनच्या मॅडनेसने गाजवलं, आणि बँडचं नावसुद्धा बस्टरच्याच गाण्यावरून घेतलं. ‘अ मेसेज टू यू, रूडी’ मूळचं डँडी लिव्हिंगस्टनचं, 1967चं. ते 1979मध्ये कॉव्हेंट्रीच्या स्पेशल्सनी उचललं. 2014च्या निवडणुकीच्या हंगामात दिल्लीच्या स्का व्हेंजर्सनी त्याचेच शब्द बदलून राजकीय गाणं केलं.

‘म्हणजे यांचं स्वतःचं काही नाहीच?’ काका म्हणाले. काका नाट्यसंगीताचे, गडकरी रंगायतनला जुन्या नाटकाचा प्रयोग लागला की पहिल्या रांगेत. गृहस्थांनी त्यांच्याच कपाटातलं संगीत नाटकाचं पुस्तक काढलं. पदावर कंसात छापलेलं : चाल अमुक गाण्याची. 1880च्या ‘शाकुंतल’पासून हा उघड व्यवहार आहे. 1916च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींवर पदं बेतली, त्याबद्दल त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. आणि काकांचं भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतं, त्याला साक्षीदार अख्खी इमारत. काका म्हणाले, ‘ती गोष्ट वेगळी.’ वेगळी कशी, ते सांगितलं नाही.

पण समेट झाला तो नॅव्हरोनमुळे. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ हा 1961चा युद्धपट, नायक ग्रेगरी पेक, संगीत दिमित्री तिओम्किनचं. किंग्स्टनच्या स्कॅटलाइट्सनी त्या रुबाबदार धूनवर तुताऱ्या-सॅक्सोफोन चढवून तिला नाचायला लावलं. बासवर लॉइड ब्रेव्हेट. पुढे स्पेशल्सनी ती मंचावर वाजवली आणि ते ध्वनिमुद्रण असलेली तबकडी 1980मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. गृहस्थांनी स्कॅटलाइट्सची तबकडी लावून साथ धरताच काका दारात. ‘अहो, हा तर आमचा ग्रेगरी पेक!’ खुर्ची ओढून बसले आणि अर्ध्या मात्रेने पुढे टाळी देऊ लागले. स्कामध्ये तीच खरी जागा, हे गृहस्थांनी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही.

पहिला जाहीर प्रयोग सोसायटीतल्या एका हळदीत झाला. बेंजोवाल्यांनी विचारलं, ‘कुठलं गाणं येतं?’ गृहस्थ म्हणाले, ‘गाणं नाही, खालचं येतं.’ त्यांनी कोळीगीत सुरू केलं, गृहस्थांनी सा ग प ध लावला आणि रात्रभर लावून धरला. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. त्यात बेंजो होता, ढोल होता, काकांची शिट्टीसुद्धा होती. बास नव्हता. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून इतके खालचे स्वर बाहेरच पडत नाहीत, असं गृहस्थांनी तिथे सविस्तर लिहिलं. त्यावर तीन अंगठे आले, आणि खालच्या काकूंचा निरोप : पंप आता व्यवस्थित चालतोय.