हप्ता कोणी भरला?

दुपारच्या भोजनानंतर डावी कूस धरावी, पंख्याच्या संथ घरघरीत वर्तमानपत्र हळूहळू नाकावर उतरावे आणि इहलोकाचा विसर पडण्यास नुकता कुठे प्रारंभ व्हावा, नेमक्या त्याच मुहूर्तावर परलोकाचे स्मरण करून देणारा दूरध्वनी वाजण्याचा परिपाठ अलीकडे आमच्या घरी पडला आहे. गेल्या मंगळवारचा आवाज एका मुलीचा होता, आणि आमच्या मृत्यूविषयी कोणी इतक्या प्रसन्न चित्ताने बोलू शकेल अशी कल्पना आम्हांला तोवर नव्हती. "अभिनंदन सर! तुमच्या नावाने पाच लाखांची लाइफ पॉलिसी मंजूर झालीय. एकदम फ्री. एकही हप्ता भरायचा नाही!" चौतीस वर्षांच्या चाकरीत आम्ही रीतसर अर्ज करून मागितलेली रजादेखील कधी पुरती मंजूर झाली नाही, न मागता मंजूर झालेली ही आयुष्यातली पहिलीच चीज, आणि तिची वसुली होण्यासाठी आता आम्ही मरणे तेवढे बाकी होते.

फक्त प्रोसेसिंग फी १,४९९ रुपये, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा हा कर सरकारने २२ सप्टेंबर २०२५ पासून पुरता माफ केला, ही वार्ता त्या मुलीच्या कचेरीपर्यंत पोचली नसावी, किंवा पोचूनही टेबलाखालच्या एखाद्या गठ्ठ्यात पडून राहिली असावी. आपण कोठून बोलता, असे विचारता तिने थेट विमा नियामक प्राधिकरणाचेच नाव घेतले. हे प्राधिकरण हैदराबादेस बसते, कंपन्यांवर देखरेख करते, पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, आणि ही गोष्ट जाहीर सूचना काढून पुनःपुन्हा सांगते. तेव्हा त्याने आमच्या वामकुक्षीच्या वेळी फोन करून पाच लाख देऊ करणे म्हणजे खुद्द कलेक्टरसाहेबांनी डोक्यावर पाटी घेऊन आळीआळीतून मीठ विकत फिरण्यासारखेच झाले.

भाषाशास्त्राचा जुना नाद असल्याने फोन ठेवल्यावर आम्ही कोश उघडला. 'विमा' हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'बीम', म्हणजे भय, आहे. त्याच्या पाठीशी संस्कृत 'आयुस्' उभे करून आपण 'आयुर्विमा' हा संकर सिद्ध केला; त्यापुढे 'मोफत' हा फारसीच अलंकार चढला की आयुष्य एका भाषेचे, आणि भय व लबाडी दोन्ही दुसरीच्या आश्रयाने, असा संगम होतो. परंतु कोश मिटून १९३८ चा विमा कायदा उघडला, तर त्यातले ६४ व्हीबी हे कलम कोणत्याही अलंकाराला भुलत नाही. हप्त्याची रक्कम आगाऊ हाती पडल्यावाचून, किंवा ती पडेल याची विहित हमी मिळाल्यावाचून, विमा कंपनीने कोणतीही जोखीम पत्करू नये, असे ते कलम रोखठोक बजावते. याचा अर्थ इतकाच की जगात हप्त्याशिवाय विमा नाही. तो आपण भरला नसेल, तर दुसऱ्या कोणी तरी भरला असला पाहिजे. आणि हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा जेव्हा आपल्या दारी येतो, तेव्हा हलवाई कोण, हे विचारण्यात असभ्यपणा नाही.

या कलमाची साक्षात ओळख आम्हांला तारुण्यात झाली. आमच्या मामेसासऱ्यांचे चिरंजीव विम्याची एजन्सी घेऊन बसले होते, आणि मार्च महिना लागला की त्यांना सर्व सोयऱ्याधायऱ्यांच्या नश्वरतेची एकाएकी जाणीव होत असे. "भाऊसाहेब, तुम्ही फक्त सही करा. पहिला हप्ता माझ्याकडून," असे म्हणत त्यांनी चहाची बशी बाजूस सारून फॉर्म पसरला, फुलीच्या जागा पेन्सिलीने करून ठेवल्या आणि वारसाच्या रकान्यात आमच्या कुटुंबाचे नाव आम्हांला न विचारता लिहूनही टाकले. आम्ही ते सौजन्य मानले. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने असले सौजन्य निषिद्ध ठरवले आहे, देणारा आणि घेणारा दोघेही त्यात सापडतात, आणि २०१५ साली दंडाची कमाल मर्यादा ५०० रुपयांवरून १० लाखांवर गेली, हे ज्ञान पुढे यथावकाश झाले. दुसऱ्या वर्षी हप्ता भरण्याची पाळी आमची आली, चिरंजीव फिरकले नाहीत आणि पॉलिसी लॅप्स झाली. वर्षभर आम्ही फुकट विमा उतरवलेले गृहस्थ होतो, आणि त्या वर्षात, दुर्दैवाने म्हणा वा सुदैवाने, मेलो नाही.

मरणाचे आमिष दाखवून गिऱ्हाईक जोडण्याची ही कला आपण शोधून काढली, असा गर्व मात्र कोणी वाहू नये. विलायतेत जॉर्ज न्यून्स यांच्या 'टिट-बिट्स' या साप्ताहिकाने १८८५ साली जाहीर केले की रेल्वेच्या अपघातात मेलेल्या माणसाजवळ आमचा अंक सापडला, तर त्याच्या वारसाला १०० पौंड मिळतील. या सदराच्या संपादकांनी असा ठराव करून पाहावा. निदान आमचा मजकूर कोणी तरी शेवटपर्यंत छातीशी धरून होता, याचा पंचनामा तरी होईल. आपल्याकडेही ऑनलाइन तिकिटावरचा प्रवासविमा रेल्वेने २०१६ च्या डिसेंबरापासून पावणेदोन वर्षे फुकट ठेवला होता. मग १ सप्टेंबर २०१८ पासून पैसे पडू लागले, आणि त्या काही पैशांवरही खळखळ करणारे सहप्रवासी आम्ही पाहिले आहेत.

मग खरा फुकट विमा नाहीच की काय? आहे; पण तो कधी फोन करीत नाही. जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचे संरक्षण असते (२८ ऑगस्ट २०१८ पूर्वीच्या खात्यांना १ लाखाचे) आणि खातेदाराचा त्यात छदामही जात नाही. अट इतकीच की अपघाताआधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेले असावे. सबब यमदूत दारी आल्यास "जरा एटीएमपर्यंत जाऊन येतो" असे म्हणण्याची सवलत त्याच्याकडून मिळवावी लागते. शिवाय मरण अपघातीच हवे. अंथरुणावर तापाने शांतपणे मरणारा मनुष्य या व्यवहारात केवळ हौशी समजला जातो.

याहूनही अबोल आहे ती १९७६ सालची कर्मचाऱ्यांची ठेवसंलग्न विमा योजना. भविष्यनिर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला ती आपसूक लागू होते. पगाराचा अर्धा टक्का मालक भरतो, आणि पगाराची मर्यादा १५,००० धरलेली असल्याने ही रक्कम महिन्याला फार तर ७५ रुपये होते. कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नाही. नोकरीत असताना तो गेला, मग तो अपघाताने जावो की तापाने, वारसाला नियमाप्रमाणे २.५ लाखांपासून ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. येथे हलवाई कोण ते चोख ठाऊक आहे, आणि तुळशीपत्रही कायद्याचे आहे.

आमच्या वाड्यात मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईंचे यजमान एका लहानशा वर्कशॉपात लेथवर काम करीत. श्रावणात ते गेले. महिन्याभराने बाई एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या ओटीवर आल्या. तीत पगाराच्या चिठ्ठ्या, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, एका बंद घड्याळाची पावती आणि मुलाच्या शाळेचे प्रगतिपुस्तक अशी कागदपत्रे एका जुन्या नाडीने बांधलेली होती. चिठ्ठीवर निधीचा खाते क्रमांक पाहून आम्ही हर्षभरित झालो, ५ आयएफ हा फॉर्म मिळवला, पेन्सिलीने फुलीच्या जागा करून ठेवल्या (वंशपरंपरा, दुसरे काय) आणि ही रक्कम त्यांच्या हक्काची असून यजमानांनी तिच्यासाठी काहीच भरलेले नव्हते, हे त्यांना यथासांग समजावून सांगितले.

बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग पदराच्या गाठीतून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी आमच्यापुढे ठेवला. त्यावर १,४९९ ही रक्कम, तारीख आणि कुणा गोड आवाजाच्या मुलीने सांगितलेला 'पॉलिसी नंबर' त्यांच्या मुलाच्या अक्षरात लिहिलेला होता.

"इथं काय भरावं लागेल, काका?"

"काहीही नाही."

त्यांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले, फॉर्म अलगद आमच्याच बाजूला सरकवला आणि पेटीची कडी लावीत म्हणाल्या, "मग हे खोटं असणार. त्या मुलीनं निदान पैसे तरी घेतले होते."