दस्ता-मीमांसा

शास्त्रीय ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी ही चार सांगून टाकावीत, म्हणजे वाचकाला पुढे तक्रारीला जागा राहत नाही. विषय : पलटणीच्या घाटाची पण पलटणीची नसलेली रायफल निवडणे आणि ती आपल्या खांद्याजोगी करून घेणे. प्रयोजन : काही नाही. संबंध : मौजे नंदगड, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव. अधिकारी : ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे तो, ज्याला तो कधीच मिळणार नाही तो, आणि ज्याच्या आजोबांकडे होता तो. तिन्हींत तिसऱ्याचे मत सर्वांत ठाम असते, असे निरीक्षण आहे.

नंदगडला नाव बंदुकीने दिलेले नाही, वडाने दिलेले आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला येथे वडाच्या झाडावर फाशी दिले. तो विषय थट्टेच्या कक्षेबाहेरचा, म्हणून हात जोडून पुढे जातो.

गावाभोवती भात, ऊस आणि पलीकडे जंगल. भीमगड अभयारण्यही याच तालुक्यात. भात पिकले की रानडुकरे येतात, ऊस वाढला की गवेही येतात. म्हणून पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक या भागाला नवी नाही. तिच्यात दारू ठासावी, छर्रे घालावेत, वर चिंधी कोंबावी आणि डुकराने तोवर थांबावे, अशी तिची रचना आहे. परंतु ठासणीच्या बंदुकीवर कोणी प्रबंध लिहीत नाही. प्रबंध लिहावासा वाटतो तो रायफलीवर, आणि ही आवड या मुलखात आली बेळगावच्या कॅम्पातून. मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून तेथे आहे. खानापूर तालुक्यात निवृत्त हवालदार नाही असे गाव शोधायला निघालेला माणूस अजून परतलेला नाही. अशा घरात भिंतीवर गणवेशातला फोटो असतो, आणि फोटोतल्या रायफलीची बरोबरी परवान्यावरच्या रायफलीने करावी ही इच्छा माणसाला पेन्शनबरोबरच लागू होते.

येथे पहिली अडचण. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर फौजांच्या जुन्या एनफिल्ड आणि माउझर रायफली टपालाने घरपोच मिळत. १९६८ च्या कायद्याने टपालाचा रस्ता बंद होईपर्यंत लोकांनी त्या मागवल्या, त्यांची लाकडे कापली आणि त्या घेऊन हरणांमागे हिंडले. आपल्याकडे पलटणीची मोडीत निघालेली रायफल नागरिकाच्या हाती येत नाही. एनफिल्डची .३०३ ही निषिद्ध बोअर. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीही २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला निरोप दिला, पण तो निरोप तुमच्या-आमच्या घराच्या दिशेने नव्हता.

मग नंदगडचा माणूस घेतो काय? .३१५. आणि या आकड्यामागचा इतिहास असा आहे की हसावे की कपाळाला हात लावावा ते कळू नये. फौजेचे काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थानात खासगी माणसाला लष्करी बोअर बंद केली. आता शिकाऱ्यांना, चहाच्या मळेवाल्यांना आणि संस्थानिकांना काय द्यायचे? तेव्हा आठ मिलिमीटरचे ऑस्ट्रियाचे मॅनलिशर काडतूस उचलले गेले, आणि बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने एनफिल्डच्याच घाटाच्या रायफलीत ते बसवले. म्हणजे स्वतःच्या फौजेचे काडतूस निषिद्ध आणि परक्या फौजेचे मान्य. पुढे १९१४ साली ती परकी फौज शत्रूची फौज झाली, तरी काडतुसाला कोणी हात लावला नाही. इंग्रज गेले, ईशापूरचा कारखाना आपला झाला, आणि त्याच घाटाची .३१५ आपण स्वतः करू लागलो. हाच तो पलटणीच्या रायफलीचा सरकारी संस्कार. तुम्ही घरी जे काही कराल ते त्यावरचे शेपूट.

.३०३ आणि .३१५ या आकड्यांतला फरक .०१२ इंच, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. एकीसाठी तुरुंग, दुसरीसाठी परवाना. तुलनेला म्हणून सांगतो : दहा मीटर एअर रायफलच्या ऑलिम्पिक लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका ०.५ मिलिमीटरचा असतो. आपला शस्त्रकायदा ऑलिम्पिकपेक्षा बारीक नेम धरतो, एवढेच येथे नोंदवतो.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. या रायफलीला 'स्पोर्टिंग' म्हणतात. स्पोर्ट म्हणजे शिकार म्हणावी, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती संपली. स्पोर्ट म्हणजे नेमबाजी म्हणावी, तर ऑलिम्पिकच्या कोणत्याच प्रकारात .३१५ ला जागा नाही. शिकार नसलेली शिकारी रायफल आणि खेळ नसलेली खेळाची रायफल अशी ही दुहेरी विरक्ती आहे. अशा विरक्त वस्तूवर संस्कार करायला माणूस मोकळा असतो, कारण त्या संस्कारांचा कुणालाच उपद्रव होत नाही.

आता संस्कार. याबाबत नंदगड परिसरात तीन मते प्रचलित आहेत.

पहिले सुभेदार-मत. "जशी आलीय तशीच राहू दे की. कारखानेवाल्यांना काय कळत न्हाई व्हय?" या मताचे लोक रायफलीत फक्त नळी पुसायची दोरी, म्हणजे पुलथ्रू घालतात, तोही चिंधीला तेल लावून, आणि नळीतून प्रकाश बघून समाधान पावतात. माणसाने रायफलीला जुळावे, रायफलीने माणसाला नव्हे, हा त्यांचा सिद्धांत. मत भारदस्त आहे, पण त्याचा पराभव त्यांच्याच पलटणीने करून ठेवला आहे. पहिल्या महायुद्धातल्या एनफिल्डला दस्ते, म्हणजे खांद्याला टेकणारी लाकडे, निरनिराळ्या लांबीचे मिळत, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने, आणि ठेंगण्या शिपायासाठी सर्वांत आखूड असा एक वेगळाच. फौजेने सगळ्यांना टोपी एकाच मापाची दिली असेल, दस्ता मात्र नाही दिला. कारण उघड आहे. दस्ता लांब झाला तर चापापर्यंत बोट ओढून न्यावे लागते आणि गाल लाकडावर नीट टेकत नाही. आखूड झाला तर बार उडताच स्वतःच्याच अंगठ्याची गाठ नाकाला भेटते. माप घ्यायचे ते असे : कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवावे आणि तर्जनीचे पहिले पेर चापावर आरामात पडते का पाहावे. बायकोला विचारू नये. तिचे उत्तर दस्त्याविषयी नसते.

दस्ता बदलणे एनफिल्डच्या घाटात सोपे वाटते, कारण तिचे लाकूड दोन तुकड्यांत असते आणि मागचा तुकडा आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टने धरलेला असतो. येथे एक तळटीप मुख्य मजकुरात आणतो, कारण तिच्यावाचून अनेक रायफली वाया गेल्या आहेत. जुन्या एनफिल्डमध्ये त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. आधी पुढचे लाकूड काढायचे आणि मगच बोल्ट फिरवायचा. क्रम उलटा केला की पुढचे लाकूड तडकते, आणि मग दुसऱ्या मताकडे जाणे भाग पडते.

दुसरे सुतार-मत. सुतारमामांच्या मते जगातल्या सर्व अडचणींवर सागवान हा उपाय आहे, आणि दांडेलीचे असेल तर प्रश्नच मिटला. हे मत येथे विनयपूर्वक खोडून काढतो. सागवानात अंगचे तेल असते, त्यामुळे चिकटवलेला जोड नीट धरत नाही. शिवाय त्यातली रेती हत्यारांची धार खाते, ही तक्रार खुद्द सुतारमामाच करतात आणि तरी सागवानच सुचवतात. शास्त्राला मान्य लाकूड अक्रोडाचे : घट्ट, धक्का सोसणारे, कोरायला मऊ. ते खानापूर तालुक्यात उगवत नाही, आणि म्हणूनच त्याला येथे प्रतिष्ठा आहे.

लाकडाला तेल मात्र गावातलेच चालते. इंग्रजी फौजेच्या रायफलींची लाकडे कच्च्या जवसाच्या तेलात मुरवत. जवस म्हणजे आमच्याकडे चटणी. लसूण, मिरची आणि मीठ वगळले की उरते ते शस्त्रागाराचे साहित्य. तेल पातळ लावावे, तळव्याने चोळावे, दिवसभर ठेवून पुसून काढावे, असे चार-सहा वेळा. घरच्यांना वास ओळखीचा असल्याने संशय येत नाही.

तेलाची खरी परीक्षा जूनमध्ये होते. मलप्रभा जिथे उगम पावते ते कणकुंबी याच तालुक्यात, आणि तिथला पाऊस कर्नाटकात नाव घ्यावे असा. लाकूड ओल पिते, फुगते आणि नळीवर दाब देते. मग मे महिन्यात बरोबर लागलेला नेम जुलैत एका बाजूला सरकतो. सुभेदार-मताचा माणूस दोष वाऱ्याला देतो, सुतार-मताचा सागवान नसल्याला. खरा उपाय एवढाच की पुढच्या लाकडाची खाच आतून तासून नळीभोवती कागद सरकेल इतकी फट ठेवावी आणि जिथे लोखंड लाकडावर बसते ती जागा पक्की करावी. या एका कामाने नेमात जो फरक पडतो तो बाकी सगळ्या शृंगाराने पडत नाही. पण ते काम लाकडाच्या आत होते, दिसत नाही, म्हणून कोणी करत नाही.

तिसरे मत चुलतभावाचे. चुलतभाऊ पुण्याला असतो आणि मोबाइलवर बघतो. त्याच्या मते दुर्बीण, दोन पायांची घोडी, काळे प्लास्टिक आणि जमल्यास नळी थोडी आखूड. शेवटच्या सूचनेवर शस्त्र कायदा, १९५९ चे कलम ६ उभे आहे : नळी आखूड करायला वेगळा परवाना लागतो. दस्ता आखूड करायला मात्र फक्त सुतार लागतो. दुर्बिणीसाठी एनफिल्डच्या घाटाच्या पोलादात भोके पाडावी लागतात, आणि वरून काडतुसे भरण्याची जागाही अडते. तेव्हा चुलतभावाला चहा द्यावा आणि बसस्टँडवर सोडून यावे.

मात्र नवे काही बसवायच्या त्याच्या हौसेत एक रत्न सापडते, ते टाकू नये. जुन्या एनफिल्डची मागची शिस्त, म्हणजे नेम धरायची खूण, नळीवर, डोळ्यापासून लांब, उघड्या खाचेची. तिच्यावर २००० यार्डांपर्यंत खुणा आहेत. नंदगडच्या बाजारपेठेत उभे राहून गावाबाहेरच्या शेतातला माणूस टिपावा अशी ही सोय. सुदैवाने तेवढे कोणाला दिसतच नाही. चाळिशी उलटली की खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर डोळा एका वेळी स्थिर होत नाही. त्यावर उपाय बारीक भोकाची शिस्त, डोळ्याजवळ बसवलेली. डोळा भोकाचा मध्य आपोआप शोधतो, आणि माशी व लक्ष्य एवढे दोनच उरतात. पुढच्या नंबर ४ एनफिल्डमध्ये फौजेने हेच केले. हा संस्कार शास्त्रसंमत मानावा.

पट्ट्याचे प्रकरण लहान, पण निपाणीला मान देणारे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले चामडे घेऊन निपाणी-अथणीचे कारागीर कोल्हापुरी चप्पल करतात. २०१९ साली तिला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून वापरतात. सीमाप्रश्न जिथे मिटला अशी ही एकमेव जागा. ती पायात आहे म्हणून कुणाच्या लक्षात आली नसावी. त्याच हातांकडून रायफलीचा पट्टा करून घ्यावा. पालथे पडून नेम धरताना तो दंडाला आवळला की वजन स्नायूंऐवजी चामड्यावर येते आणि माशीचा थरकाप थांबतो. पट्टा पहिले वर्षभर चपलेसारखा करकरतो. शेताच्या राखणीला निघालेल्याने ही गोष्ट डुकरांपासून लपत नाही हे ध्यानात घ्यावे.

एवढे सगळे झाले की रायफल तयार होते आणि निवडणूक जाहीर होते. परवानाधारकाने शस्त्र ठाण्यात जमा करावे असा आदेश येतो. मे २०२३ ला विधानसभा, मे २०२४ ला लोकसभा. मध्ये पंचायती, सोसायट्या आणि कुणाच्या तरी राजीनाम्याने आलेली पोटनिवडणूक. रायफल तेलपाणी करून, खोळीत घालून, मुलीला सासरी पोचवावे तशी ठाण्यात पोचवायची आणि कन्नडमधली पावती मराठीत वाचत घरी यायचे. जवसाचे तेल चढवायला जेवढा काळ लागतो त्याहून जास्त ती तिथे राहते. ठाण्यातल्या खोलीत ओल किती असते, यावर स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल.

नेमबाजी ज्यांना खरोखरच करायची होती त्यांनी काय केले, हेही पुराव्यादाखल पाहू. भारतीय नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली ती गणेश वासुदेव मावळंकरांच्या पुढाकाराने, आणि लोकसभेच्या या पहिल्या अध्यक्षांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेऊन आला. त्यांच्या रायफलींचा दस्ता, गालाची पट्टी, चापाचे अंतर, सगळे किल्लीने मागेपुढे होते. आमच्या तिन्ही मतांनी ज्यासाठी दोन पिढ्या वाद घातला, ते तिथे एका स्क्रूने होते.

म्हणून सिद्धांत पुढीलप्रमाणे. दस्ता कोपराच्या मापाचा, शिस्त भोकाची, पट्टा निपाणीचा, तेल जवसाचे, आणि रायफल .३१५ ची असेल तर ती भिंतीसाठी घ्यावी, कारण तिथे ती उत्तम बसते. खेळायचेच असेल तर ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्या. तिला परवाना लागत नाही, आणि निवडणुकीत ती घरीच राहते.