आहेराची फुलदाणी

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली, की दहावीला 7 गुण वाढतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ आईबापांचं कलाप्रेम नेमकं तेवढंच असतं. माझं मात्र त्या परीक्षेतल्या स्थिरचित्राने कायमचं वाटोळं केलं. टेबलावर पितळी तांब्या, शेजारी एखादं फळ, मागे चुण्या पाडलेलं कापड. तांब्याचं तोंड गोल, पण दिसतं लंबवर्तुळ. तेच डोळ्याच्या पातळीला आलं की नुसती रेघ. बूड आणखी खाली, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त वाकलेली. हे एकदा दिसायला लागलं, की माणूस तांब्यातून सुखाने पाणी पीत नाही.

आता कुणाकडे गेलो, की एक डोळा मिटून, हात ताठ धरून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत मी त्यांच्या शोकेसची मापं घेतो. यजमान उगाचच कपाटाला कुलूप लावतात.

सुंदर वस्तूचं चित्र हमखास मिळमिळीत होतं, असं माझं ठाम मत आहे. समई घ्या. मध्यरेषा ओढून डावी बाजू काढली, की उजवी म्हणजे निव्वळ नक्कल, कारकुनी काम. खरी मजा आहेराच्या फुलदाणीत. आमच्याकडची लग्नात आली आणि पुढे सरकवायची राहून गेली. सोनेरी कड, पोटावर गुलाब, कानांच्या जागी दोन हंस. पेन्सिलीत सोनेरी रंग नसतो, तिथेच तिचा अर्धा उद्धार होतो. मग दिसतं, की डाव्या हंसाची मान जरा कलली आहे. पोटाखालची सावली कडेपर्यंत काळी नाही. टेबलक्लॉथवरचा उजेड परतून तिथे पडलाय. ती बारीक उजळ पट्टी राखली, की फुलदाणी कागदावरून उठून येते.

घरगुती वस्तू अशा निरखायची सवय लावायची, तर पुण्याच्या केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते आणि वज्र्या पाहाव्यात. टाचा घासायच्या वस्तूवर एवढी कारागिरी! आणि बोलोन्याच्या जॉर्जो मोरांदीने तर उभा जन्म बाटल्या आणि बरण्या रंगवल्या, त्यांच्यावर धूळही साचू दिली. आमच्या घरात ती मुभा नाही. अर्धी सावली भरून चहाला उठलो, तर परत येईपर्यंत हंस पुसून भिंतीकडे तोंड करून उभे.

चित्र पाहून बायको म्हणाली, "ही आपली? एवढी चांगली कुठे आहे?" भाचीच्या लग्नात द्यायला बांधलेली फुलदाणी तिने सोडून परत कपाटात ठेवली. आहेरात आता चित्र जाणार आहे. फ्रेमला तेवढी सोनेरी कड हवी, म्हणते.