फिनलंडची साक्ष

विद्यापीठाचे शिक्षण फुकट असावे की नसावे, याचा निकाल आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात साधारण 40 मिनिटांत आणि किमान 250 शब्दांत लावायचा असतो. तेवढ्या वेळात माझ्यासारखा लेखक फार तर शीर्षक खोडून पुन्हा तेच लिहितो. तरीही, शिक्षणावरची आपली मते स्वतःची आणि बाकीच्यांची क्लासमधली, हा माझा ताठा काही जात नाही. खरे तर तयार मतांची सवय आपल्याला मराठी शाळेनेच लावली. ‘विज्ञान : शाप की वरदान’ आठवा. पहिल्या परिच्छेदात वीज, दुसऱ्यात अणुबॉम्ब, आणि शेवटी विज्ञान शापही नाही, वरदानही नाही, वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. मोबाइल, दूरदर्शन, जाहिरात, सगळ्यांना हाच न्याय लागू. विषय बदलला तरी निकाल राखून ठेवलेला. एखाद्या पोराने ‘शापच’ असे ठणकावून लिहिले असते तर बाईंनी पालकांना बोलावले असते. ‘दोन्ही मते मांडा आणि स्वतःचे मत द्या’ हा इंग्रजी प्रश्न म्हणजे आमचाच निबंध, फक्त परदेशी जाऊन आलेला. म्हणून ‘क्लासवाले मुलांचे डोके बिघडवतात’ ही तक्रार मला मान्य नाही. बिघडवायला ते दहावीनंतर येतात.

कुणी म्हणेल, ही भाषेची परीक्षा आहे, शिक्षणमंत्र्याची निवड नव्हे. कबूल. निकष चार आणि चौघांना सारखे वजन : प्रश्नाला उत्तर दिले का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपत्ती किती, व्याकरण कसे. खरेखोटे हा पाचवा निकष नाही, आणि असता तर तपासनीस दिवसभर फिनलंडला फोन लावत बसला असता. कारण निबंधात शिक्षण आले की फिनलंड येतेच, आणि पाठोपाठ ‘ऑक्सफर्डच्या एका ताज्या संशोधनानुसार’ अशी साक्ष, जी ऑक्सफर्डलाही ठाऊक नसते.

मला राग येतो तो इथे. त्याच प्रश्नपत्रिकेत स्पष्ट लिहिलेले असते की स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणे द्या. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणीसाठी याच परीक्षेचा मार्ग धरणारीला लेखनात 6.5 आणि बाकी तिन्हींत 7 लागतात. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली असेल, तर हुशार आणि मागे पडलेल्या मुलांना एकत्र शिकवावे का, या प्रश्नावर तिच्याइतका पक्का साक्षीदार हेलसिंकीत सापडायचा नाही. एका खोलीत चार इयत्ता, समोर एकच गुरुजी. ते चौथीला भागाकार घालून पहिलीकडे वळणार, आणि चौथीतली चुणचुणीत पोरगी दुसरीचे पाढे घेणार. यात बाजू दोन्ही आहेत आणि शब्द 250 च्या वर सहज जातील. पण ती शाळा इंग्रजीत न्यायच्या लायकीची आहे, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. क्लासने नाही आणि, ताठा बाजूला ठेवून बोलायचे तर, आम्हा लेखकांनीही नाही. वजनदार लेख लिहायचा झाला की आमचेही विमान आधी फिनलंडलाच उतरते.