तळ्यात, मळ्यात

सारसबागेत चालायला जायचे, तर आधी गाडी लावायला जागा शोधावी लागते. ती शोधता शोधता बागेला गाडीतूनच तीन प्रदक्षिणा होतात. व्यायाम गाडीला, पुण्य आपल्याला.

आत शिरलात की इतिहास सुरू. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथे तळे झाले आणि मधोमध बेट राखले गेले. त्या बेटावरचा तो तळ्यातला गणपती. विसाव्या शतकात तळे जाऊन बाग आली, तरी पुणेकरांच्या लेखी गणपती अजून तळ्यातच. पाणी आटले म्हणून पत्ता बदलत नसतो! थंडी पडली की या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी चढवतात. देव असला, तरी शेवटी पुण्यातलाच.

शेजारच्या पेशवे पार्कातल्या प्राण्यांनी कात्रजला मोकळ्या जागेत बिऱ्हाड हलवले. शहाणे होते बिचारे. मागे उरली ती १९५६ पासूनची फुलराणी, मुलांची छोटी आगगाडी. ती जिथून निघते तिथेच परत येते. शहराच्या वाहतूक नियोजनाचा इतका प्रामाणिक नमुना दुसरा नाही.

दोन फेऱ्या झाल्या, मनगटावरच्या घड्याळाने शाबासकी दिली, की पावले आपोआप फाटकाबाहेरच्या खाऊगल्लीकडे वळतात. तव्यावर लोणी वितळत असते आणि त्याबरोबर निर्धारही. जाळलेल्या उष्मांकांची भरपाई पावभाजीने व्याजासकट होते. दुसरी प्लेट मागवताना माणूस ठामपणे म्हणतो, “उद्यापासून तीन फेऱ्या.”

पोट मळ्यात, संकल्प तळ्यात.