तक्रारदार अण्णा

मिक्सरचं झाकण उडून चटणी भिंतीवर गेली, तर साधा माणूस फडकं शोधतो. अण्णा आधी फोटो काढतात. मग त्या दिवसाचं वर्तमानपत्र चटणीशेजारी धरून, तारीख दिसेल असा, दुसरा फोटो. वहिनी फडकं घेऊन उभ्याच असतात. "थांब, बाजूने घ्यायचा राहिलाय," असं ऐकल्यावर त्या फडकं ओट्यावर टाकतात आणि बाहेरच्या खोलीत मालिका लावून बसतात.

डोंबिवलीच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत असे एक अण्णा असतात. बँकेतून निवृत्त, मुलगा परदेशात, साखर आटोक्यात, आणि कपाटाच्या वरच्या खणात बॉक्स फाइल. तिच्यात घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचं बिल. यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं असतं, दुकानाच्या जागी मोबाइलवाला बसलेला असतो, बिल जागेवर. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई वर्षभरात उडते, म्हणून बिल हातात पडलं की त्याच दिवशी झेरॉक्स. हा कागद दुकानदारांनी संगनमत करून शोधून काढला, असं त्यांचं ठाम मत आहे. वॉरंटी कार्डावर शिक्का बसल्याशिवाय ते काउंटर सोडत नाहीत. कार्डामागची बारीक अक्षरं तिथेच भिंगाने वाचतात. मागे रांग खोळंबली तरी हरकत नाही, कारण ते काम रांगेच्याच हिताचं असतं.

या माणसाची घडण जुनी आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती १९७४ साली. पुढे मुंबई ग्राहक पंचायत आली, तिचे संघ निघाले, आणि महिन्याचं सामान दहा-बारा घरांनी मिळून उतरवून घ्यायची पद्धत पडली. तरुण अण्णा तिथे तूरडाळ वजन करता करता ग्राहकाचे हक्क शिकले. १९८६ चा कायदा झाला तेव्हा त्यांनी घरात पेढे वाटले. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हा लॉकडाउनमुळे पेढे मिळाले नाहीत, हे शल्य आहे.

तर मिक्सर. दुकानदाराने सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवलं. सेंटरमधल्या मुलाने भांडं हलवून बघितलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही जास्त भरलं असणार." हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. अण्णांनी त्याचं नाव, वेळ आणि वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलं. मग १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार, मग नोटीस. नोटीस हा अण्णांचा खरा वाङ्मयप्रकार. दुकानाला एक, कंपनीला एक, पोच फाइलला. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत म्हणतात.

वकील अर्थातच नाही. स्वतःची बाजू स्वतः मांडता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, ही दोन वाक्यं ते लग्नाच्या पंगतीतही सांगतात. कंपनीचं कार्यालय चेन्नईत. पण आता ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते, म्हणून कंपनीच्या वकिलाला ठाण्याला यावं लागतं. तो आला की अण्णांना कोण आनंद! डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने पिशवी छातीशी धरून ते त्याच्याआधी पोचलेले असतात. वकील मुदत मागतो. लेखी कैफियतीला तीस दिवस, वर फार तर पंधरा, हे अण्णा बाकावरूनच पुटपुटतात आणि शिपाई त्यांना गप्प करतो. तक्रार तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. "मग दीड वर्ष कसं झालं हो?" असं विचारलं तर अण्णा म्हणतात, "प्रयत्न चालू आहे."

या दीड वर्षात मिक्सर आहे कुठे? कपाटावर. सुतळीने बांधलेला, गाठीवर लाख. दुरुस्त केला तर पुरावा जातो. नवा आणला तर 'गैरसोय झाली' हे कलम लंगडं पडतं. वहिनी पाट्यावर वाटतात. तक्रारीत मानसिक त्रासापोटी पंचवीस हजार मागितले आहेत. ते अण्णांच्या नावाने.

मधे कंपनीचा माणूस चक्क नवा मिक्सर घेऊन घरी आला. वहिनींनी खोकं आत न्यायला हात पुढे केला, तोच अण्णा म्हणाले, "मग पुढच्या तारखेला मी काय सांगू?" त्यांनी त्याला चहा दिला, आणि 'चहा घेतला, तडजोड झाली नाही' असं लिहून त्याची सही घेतली. वहिनी त्या दिवशी माहेरी गेल्या.

अखेर निकाल लागला. मिक्सरची किंमत व्याजासह, त्रासाचे पाच हजार, खर्चाचे तीन. झेरॉक्स, टपाल आणि लोकलचा हिशेब केला तर हाती फारसं उरलं नाही. कंपनी अपिलात गेली नाही, याचंच अण्णांना वाईट वाटलं. राज्य आयोगापुढचा युक्तिवाद लिहून तयार होता.

सोसायटीत सगळे त्यांना हसतात, मीही हसतो. पण कोपऱ्यावरच्या दुकानातली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अण्णांनीच उतरवायला लावली. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, हे त्यांनी दुकानदाराला कलमासकट ऐकवलं, गिऱ्हाइकांच्या देखत. आता तिथे नुसतं "आमच्या वरती अण्णा राहतात" म्हटलं की इस्त्री बदलून मिळते. तळमजल्यावरच्यांचा पंप आणि तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज असाच बदलला गेला, नोटिशीशिवाय.

तुमच्याही इमारतीत असे कोणी असतील. भांडणाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते, तेव्हा त्यांच्याकडे वेळेत जा. आणि बिल घेऊन जा; बिलाशिवाय आलेल्याला अण्णा दारातूनच परत पाठवतात.